नोकरीत भेदभाव झाला तर: कायदा कोणता, अर्ज कुठे, मुदत किती

एकीला त्याच कामाचा पुरुषापेक्षा कमी पगार मिळतो. दुसरीने गरोदर असल्याचं सांगितलं आणि पंधरा दिवसांत तिच्या कामात चुका सापडू लागल्या. अपघातात पाय गमावलेल्या तिसऱ्यापुढे राजीनाम्याचा तयार कागद ठेवला गेला. चौथ्याला आडनाव कळल्यावर कामावर घेतलं नाही. चौघांवरही भेदभावच झाला, पण दाद मागायला चौघांना चार वेगळ्या ठिकाणी जावं लागतं. खासगी-सरकारी सगळ्यांना पुरेल असा भेदभावविरोधी एकच कायदा भारतात अजून झालेला नाही. तो व्हायलाच हवा. तोवर आपली तक्रार कोणत्या कायद्यात बसते हे आधी नक्की करावं लागतं, कारण चुकीच्या कचेरीत अर्ज पडून राहतो आणि तेवढ्यात योग्य ठिकाणची मुदत संपते.

पहिला घोटाळा राज्यघटनेपाशी होतो. कलम १४, १५ आणि १६ समानतेची हमी देतात, पण नोकरीच्या बाबतीत ती सरकारला बांधतात: मंत्रालय, जिल्हा परिषद, महापालिका, सरकारी महामंडळं, सरकारी बँका. खासगी कंपनीला 'तुम्ही कलम १६चा भंग केला' अशी नोटीस पाठवली तर कंपनीचा वकील पहिल्याच उत्तरात ती निकामी करतो. खासगी नोकरीत नेमक्या विषयावरचा कायदाच शोधावा लागतो.

मुदती आधी लिहून ठेवा

घटना घडली त्या दिवशी कॅलेंडरवर या तारखा मांडा:

- लैंगिक छळाची तक्रार: शेवटच्या घटनेपासून ३ महिने. समितीला कारण पटलं तर आणखी ३ महिने.
- प्रसूती लाभ नाकारला किंवा त्या रजेमुळे काढलं: आदेश कळल्यापासून ६० दिवस.
- महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथेची (आकसाने काढणं, एका गटावर मेहेरनजर करणं वगैरे) तक्रार: ९० दिवस.
- एचआयव्हीमुळे भेदभाव, एचआयव्ही कायद्याखालच्या लोकपालाकडे: ३ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३.
- कारखान्यातल्या किंवा आस्थापनेतल्या तक्रार निवारण समितीकडे: १ वर्ष.
- सरकारी कर्मचारी, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे: अंतिम आदेशापासून १ वर्ष.
- वेतनातल्या फरकाचा दावा: ३ वर्षं.

दुसरी महत्त्वाची तारीख २१ नोव्हेंबर २०२५. त्या दिवशी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७६ चा समान वेतन कायदा, १९६१ चा प्रसूती लाभ कायदा हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. घटना या तारखेच्या आधीची असेल तर जुनं कलम लिहा, नंतरची असेल तर संहितेचं. पगारातला फरक आधीपासून चालत आला असेल तर अर्जात दोन्ही लिहा. इंटरनेटवरचे बहुतेक नमुने अजून जुन्याच कलमांवर बेतलेले आहेत. ते जसेच्या तसे उतरवू नका.

कागद जमवायचे ते आजपासून

भेदभाव करणारा क्वचितच तसं लिहून देतो. लिहिलेलं असतं 'कामगिरी असमाधानकारक' किंवा 'पद रद्द'. म्हणून तुमची बाजू दोन गोष्टींवर उभी राहते: तारखांचा क्रम आणि तुलनेचा माणूस.

तारखांचा क्रम म्हणजे असं. मार्चपर्यंतचे सगळे मूल्यमापन अहवाल चांगले, ४ एप्रिलला गरोदरपणाची माहिती दिली, २० एप्रिलला पहिली ताकीद. या तीन कागदांतून जे दिसतं ते दहा साक्षीदारांच्या तोंडूनही तितकं स्पष्ट होत नाही. तुलनेचा माणूस म्हणजे त्याच मालकाकडे, तुमच्यासारखंच काम करणारा, पण ज्याला वेगळी वागणूक मिळाली असा कर्मचारी. त्याचं पद, काम, अनुभवाची वर्षं आणि शक्य असेल तर पगार याची टिपणं करून ठेवा.

नेमणूकपत्र, सगळ्या पगारपावत्या, बँकेचा उतारा, हजेरी, मूल्यमापन, कंपनीची नियमपुस्तिका यांच्या प्रती घरी हव्यात. नेमणूकपत्र मिळालंच नसेल तर लेखी मागा. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेने ते देणं बंधनकारक केलं आहे, आणि पगारपावती देणं वेतन संहितेने. एक वहीही ठेवा. त्या त्या दिवशीच लिहायचं: तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, त्याच शब्दांत, आणि तिथे आणखी कोण होतं. तीन महिन्यांनी एका बैठकीत बसून लिहिलेली वही उलटतपासणीत टिकत नाही. सगळीकडे एकच शाई आणि एकच सूर दिसतो.

तोंडी बोलणं कागदावर आणण्याचा एक खात्रीचा उपाय आहे. बैठक झाली की त्याच संध्याकाळी साहेबांना ईमेल पाठवा:

'आज दुपारी चार वाजता झालेल्या चर्चेत, मी प्रसूती रजेवर जाणार असल्याने मला टीम लीडर पदावरून हलवण्यात येईल, असे आपण सांगितले. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.'

उत्तर आलं तर कबुली किंवा निदान भूमिका हाती येते. नाही आलं तरी वेळेवर केलेली नोंद राहते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत बरेच जण फसतात. नुसत्या स्क्रीनशॉटची छापील प्रत पुरेशी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडे-अक्षरांचा ठसा) लिहायचं असतं. ते वकील करून घेतील. तुमचं काम मूळ फोन जपून ठेवण्याचं. फोन विकला, बदलला किंवा चॅट पुसलं तर वाद तिथेच अडतो.

एक मात्र करू नका. पुराव्याच्या नावाखाली ग्राहकांची यादी, डिझाइन, इतरांच्या पगाराच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. कंपनीला तुम्हाला काढायला आयतं कारण मिळतं, आणि ते भेदभावाशी संबंधित नसल्याने लढायला जड जातं. असे कागद कुठे आहेत याची टीप ठेवा. दाव्यात ते हजर करण्याचा आदेश मागता येतो.

समान कामाला समान वेतन

वेतन संहिता, २०१९ चं कलम ३ सांगतं की एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या आधारावर वेतनात फरक करता येणार नाही. भरती आणि सेवाशर्तींतही नाही. फरक मिटवण्यासाठी दुसऱ्याचा पगार खाली आणणंही बेकायदा आहे. हे संरक्षण फक्त कामगारांना आहे हा समज चुकीचा. संहितेच्या व्याख्येत पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही येतात.

'समान स्वरूपाचं काम' ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती पाहतात. किरकोळ फरक, ज्याचा प्रत्यक्ष कामात काही परिणाम नाही, तो धरत नाहीत. मालकाचा नेहमीचा बचाव वेगळ्या पदनामाचा असतो. तो किती पोकळ ठरू शकतो हे मुंबईच्याच खटल्यात दिसलं: मॅकिनन मॅकेंझी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा, सर्वोच्च न्यायालय, १९८७. महिला लघुलेखकांना 'कॉन्फिडेन्शियल' म्हणून वेगळं काढून पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार दिला जात होता. संघटनेशी झालेल्या करारात तसं ठरलंय आणि कंपनीची आर्थिक स्थितीही बरी नाही, असं कंपनीने सांगितलं. न्यायालयाने दोन्ही कारणं नाकारली. म्हणून 'युनियनने सही केली आहे' असं ऐकल्यावर माघार घेऊ नका.

काम असं करा. दोन रकान्यांचा तक्ता बनवा, एका बाजूला तुमची रोजची कामं, दुसऱ्या बाजूला तुलनेच्या कर्मचाऱ्याची. त्याखाली शिक्षण, अनुभव, कामाची पाळी, हाताखालची माणसं. मग व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या आणि फरकाचं कारण विचारा. उत्तराला १५ दिवस पुरेत. नंतर दावा, कलम ४५ खाली. काम सारखं आहे की नाही हाच वाद असेल तर तो कलम ४ खालच्या अधिकाऱ्यापुढे जातो. सुरुवात जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून करा; मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. दावा तुम्ही, तुमची नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक यांपैकी कोणीही करू शकतं.

रक्कम स्वतः मोजून लिहा. महिन्याला ४,००० रुपयांचा फरक, ३६ महिने, म्हणजे १,४४,०००. त्यावर दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. 'योग्य ती रक्कम मिळावी' असं मोघम लिहिलेल्या अर्जात हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वेतन दिलं हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, काम सारखं आहे हे दाखवणं मात्र तुमच्याकडे.

दुकानं, कार्यालयं, आयटी कंपन्या यांत काम करणाऱ्या महिलांनी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ चं कलम १३ ही जोडावं. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन या सगळ्यांचा त्यात उल्लेख आहे.

गरोदरपण आणि प्रसूती

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण बाईला त्या दिवसांत भांडायला ताकद नसते आणि हे मालकाला ठाऊक असतं.

पात्रता सोपी आहे: अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. मग २६ आठवड्यांची भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी. दोन किंवा अधिक हयात मुलं असतील तर १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे. प्रोबेशनवर आहात, कंत्राटी आहात, रोजंदारीवर आहात, म्हणून हक्क जात नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या महिला मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा लाभ दिला. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी पात्र झालेल्या महिलेला उरलेला लाभ द्यावाच लागतो, हे डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात २०२३ मध्ये ठरलं.

रजेची सूचना लेखी द्या: कोणत्या तारखेपासून रजा, डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख, आणि लाभाची रक्कम कोणाला द्यायची. ईमेल करा आणि प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवा. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ मिळते, उरलेली बाळ जन्मल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. सूचना द्यायची राहिली म्हणून लाभ बुडत नाही, प्रसूतीनंतरही ती देता येते.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे मालक देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. तिथली अट ८० दिवसांची नाही, आधीच्या एक किंवा दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांच्या अंशदानाची आहे. दावा जवळच्या शाखा कार्यालयात करायचा. मालकाने पगारातून कापून भरणाच केला नसेल तर पगारपावती हाच तुमचा पुरावा.

आता नोकरीवरून काढण्याबद्दल. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० चं कलम ६८ सांगतं की या रजेच्या काळात किंवा रजेमुळे बाईला काढणं, रजेत मुदत संपेल अशी नोटीस देणं आणि तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणं बेकायदा आहे. पण नीट वाचा: हे संरक्षण रजेला बांधलेलं आहे. म्हणून चलाख मालक चौथ्या-पाचव्या महिन्यातच, रजा सुरू होण्याआधी काढतो. तसं झालं तरी प्रसूती लाभाचे पैसे बुडत नाहीत. काढलं नसतं तर जी पात्र ठरली असती तिला ते मिळतात. नोकरी परत हवी असेल तर मात्र फक्त कलम ६८ वर विसंबू नका. वेतन संहितेचं कलम ३, आणि तुम्ही कामगाराच्या व्याख्येत बसत असाल तर अनुचित कामगार प्रथेची तक्रार, हेही सोबत करा.

अर्जाचा गाभा असा असावा:

'मी (पदनाम) म्हणून (तारीख) पासून आपल्या आस्थापनेत कार्यरत आहे. दिनांक … च्या ईमेलने मी गरोदर असल्याचे कळवले. तोपर्यंतच्या माझ्या कामाबाबत एकही लेखी तक्रार नाही. दिनांक … च्या पत्राने माझी सेवा समाप्त करण्यात आली. ही कारवाई सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६८ चा भंग करणारी आहे. सेवा पूर्ववत सुरू करावी, २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ व थकीत वेतन द्यावे.'

सोबत मूल्यमापनाच्या प्रती, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, माहिती दिल्याचा ईमेल, काढल्याचं पत्र. बास. पाच पानांचा संताप लिहिला तर मुद्दा हरवतो.

मुलाखतीत किंवा फॉर्ममध्ये 'लग्न कधी, मुलं किती, सध्या गरोदर आहात का' असे प्रश्न आले तर ते टिपून ठेवा. नीरा माथूर प्रकरणात, १९९१ साली, सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममधले मासिक पाळी आणि गरोदरपणाबद्दलचे प्रश्न काढून टाकायला सांगितलं आणि त्या कारणाने काढलेल्या महिलेला परत घ्यायला लावलं.

कामावर परतल्यावर: ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा, तसंच बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या.

राजीनामा

'प्रकरण मिटवून टाकू, तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देतो.' या वाक्यावर सही केली की नंतर भेदभाव सिद्ध करायच्या आधी राजीनामा खरा नव्हता हे सिद्ध करावं लागतं. सही करू नका. 'विचार करून कळवते' एवढं म्हणून खोलीबाहेर या. सही झालीच असेल तर त्याच दिवशी ईमेल करा: दबावाखाली सही घेतली, राजीनामा मागे घेत आहे. स्वीकारला जाण्याआधी पोचलेला असा ईमेल फार मोलाचा असतो. हिशेबाच्या पावतीवर 'माझे कोणतेही येणे बाकी नाही' असं छापलेलं असेल तर सहीजवळ हाताने लिहा: 'हक्क अबाधित ठेवून रक्कम स्वीकारली.'

दिव्यांग कर्मचारी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचं अपंगत्व येतं, आणि भेदभावाच्या व्याख्येतच 'वाजवी सोयी नाकारणं' धरलं आहे. म्हणजे कोणी शिवी दिली नाही, कोणी काढलं नाही, पण अंध कर्मचाऱ्याला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दिलं नाही, तर तोही भेदभाव.

सोय मागताना नेमकी मागा. 'मला सवलत मिळावी' या अर्जावर काहीच होत नाही. 'तळमजल्यावर बसण्याची जागा', 'सकाळी आठऐवजी दहाची पाळी, कारण डायलिसिस', 'बैठकांना सांकेतिक भाषेचा दुभाषी', असं लिहा. कोणतं काम कसं अडतं आणि ती सोय मिळाल्यावर ते कसं होईल, हे प्रत्येकी एका वाक्यात सांगा. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत लावा. सोयीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही, नियमांतच तसं म्हटलं आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. ते मागा, खासगी कंपनीकडेही. नसेल तर ते नसणं हा तुमच्या तक्रारीतला पहिला मुद्दा.

आधी आस्थापनेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार द्यायची. दाद मिळाली नाही तर राज्य आयुक्तांकडे जायचं, ते कार्यालय पुण्यात आहे. केंद्र सरकारच्या आस्थापनांसाठी मुख्य आयुक्त दिल्लीत. कायदा मोडल्याचा दंड पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख.

सरकारी आस्थापनांना कलम २० आणखी कडक आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. एसटीच्या चालकाची नजर गेली तर त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या योग्य कामावर घ्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. तरीही 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' असा शिक्का मारून स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही मागितली जाते. तो अर्ज भरू नका. वैद्यकीय अहवालाची प्रत मागून घ्या आणि कलम २०(४) खाली पर्यायी पदासाठी अर्ज करा. खासगी क्षेत्रात हे पोटकलम लागू नाही, हा या कायद्यातला मोठा उणेपणा आहे.

लैंगिक छळ

२०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. त्याहून कमी असतील, तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा तुम्ही घरकाम करत असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. समितीने ७ कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला पाठवायची, त्याने कामाच्या १० दिवसांत उत्तर द्यायचं, ९० दिवसांत चौकशी संपवायची आणि अहवालानंतर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. अहवाल मान्य नसेल तर अपिलाला ९० दिवस.

पहिल्याच अर्जात अंतरिम मदत मागा: त्याची किंवा तुमची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंतची वेगळी रजा. ती लेखी मागितली तरच मिळते, आणि न मागितल्यामुळे तक्रारदार महिलेला त्याच माणसाच्या हाताखाली काम करत राहावं लागतं. समितीत बाहेरची सदस्य आहे का, निम्म्या महिला आहेत का, चौकशीला अध्यक्षांसह तिघे हजर आहेत का, हेही पाहा. नसतील तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या. 'सिद्ध झालं नाही तर खोट्या तक्रारीबद्दल शिक्षा होईल' ही धमकी चुकीची आहे. पुरावा कमी पडला एवढ्यावरून कारवाई होत नाही, हे याच कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

जात

अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा फौजदारी आहे, म्हणून इथे रस्ता पोलीस ठाण्याचा. लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी जातीवरून अपमान, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार, नोकरी-व्यवसाय करण्यात जातीमुळे अडथळा, हे त्यात येतात. फिर्यादीत दोन गोष्टी नसतील तर प्रकरण ढिलं पडतं: तिथे कोण कोण हजर होतं, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. बंद केबिनमध्ये दोघांतच झालेला अपमान 'लोकांच्या नजरेत' ठरत नाही. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, कलम १८अ तसं सांगतं. तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा आणि १४५६६ या हेल्पलाइनवर नोंद करा.

अस्पृश्यतेच्या कारणाने नोकरी नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानेही गुन्हा आहे. पण खासगी कंपनीने जातीमुळे बढती अडवली आणि एक शब्दही उच्चारला नाही, तर दिवाणी भरपाई मिळवून देणारा सरळ कायदा नाही.

एचआयव्ही आणि तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी वेगळे कायदे आहेत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही आणि १०० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. त्याच्या वीस वर्षं आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने काम करण्यास सक्षम असलेल्या एचआयव्हीबाधित कामगाराला नुसत्या चाचणीवरून डावलता येणार नाही असं ठरवलं होतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात कलम ९ नोकरीतला भेदभाव मना करतं आणि कलम ११ प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला लावतं.

कशातच बसत नसेल तर

धर्म, प्रांत, वय, लैंगिक कल. खासगी नोकरीत यांच्या आधारावरच्या भेदभावाला थेट कायदा नाही, आणि हे सांगताना वाईट वाटतं. तरी हात टेकायची गरज नाही. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली नोंद ५, गुणवत्ता बाजूला ठेवून कामगारांच्या एका गटावर मेहेरनजर करणं, या प्रकरणांत उपयोगी पडते. तिची तक्रार औद्योगिक न्यायालयात. आकसाने काढल्याची, नोंद १ खालची, कामगार न्यायालयात. दोन्हींची मुदत ९० दिवस. हा कायदा गोव्यात नाही. तिथे आणि इतरत्र औद्योगिक संबंध संहितेतली अनुचित प्रथांची यादी वापरायची. काढून टाकल्याचा वाद त्या संहितेखाली दोन वर्षांच्या आत न्यायाधिकरणाकडे जायला हवा, त्याआधी ४५ दिवस समेट अधिकाऱ्याकडे. २० किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. व्यवस्थापकीय पदावरच्यांना ही दारं बंद असतात; त्यांना करारभंगाचा दिवाणी दावा उरतो.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी आधी खात्याकडे निवेदन द्यायचं. सहा महिने उत्तर नाही आलं तर पुढच्या वर्षभरात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायचं: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. दरम्यान माहिती अधिकारात १० रुपयांत ज्येष्ठता यादी, बढती समितीचं इतिवृत्त आणि आपलीच फाइल मागा. सरकारी नोकरीत तुलनेचा माणूस शोधायला याहून स्वस्त साधन नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. हेल्पलाइन १५१००. जाताना ओळखपत्र, कागदांचा एक संच आणि एका पानावर तारखांचा क्रम न्या. मुदत संपत आली असेल तर ती शेवटची तारीख त्या पानावर सगळ्यात वर लाल शाईने लिहा आणि अर्ज घेणाऱ्याला तोंडीही सांगा.